नमुना नंबर एक : कच्चं रताळं

एक शब्द जास्त बोललो, एवढाच माझा गुन्हा. तो शब्द म्हणजे 'कच्चं'. नुसतं 'रताळं' म्हणून थांबलो असतो तर बायकोनं ते उकडलं असतं, वर तूप सोडलं असतं, मी खाल्लं असतं आणि विषय तिथंच मिटला असता. पण मी पडलो मास्तर, त्यातही सायन्सचा. वाक्य रंगात आलं की त्याला एखादा दागिना चढवल्याशिवाय आम्हाला राहवत नाही.

साल चौऱ्याहत्तर. महाशिवरात्रीची सकाळ. शेलूबाजारला आमच्या घराच्या ओसरीवर आम्ही तिघं बसलो होतो. एक मी. दुसरे शेजारचे माणिकराव, पोस्टातून रिटायर झालेले. तिसरे आमचे हेडमास्तर भिवाजीराव. भिवाजीराव छप्पन साली बौद्ध झाले आणि त्याच दिवशी त्यांनी शिवरात्र, एकादशी असले सगळे उपास सोडून दिले. मात्र उपासाच्या दिवशी आमच्या घरी येणं काही सोडलं नाही. "मास्तर, म्या उपास सोडला, वयनीच्या हातची उसळ थोडीच सोडली?" असं ते दर वर्षी म्हणत आणि दर वर्षी तिसऱ्यांदा वाढून घेत.

त्यांचं चुकत होतं असंही नाही. आमच्या सौभाग्यवतीची, म्हणजे ललिताबाईची, साबुदाण्याची उसळ, तुमच्याकडं खिचडी म्हणतात ती, साऱ्या शेलूबाजारात नावाजलेली होती. दाणा दाण्याला चिकटत नसे, आणि कडक म्हणावा तर तसाही नसे. लोकांच्या घरी पाहुणा आला की निरोप यायचा, "मास्तरीणबाईले म्हना, जरा येऊन साबुदाणा भिजवून द्या." नुसता भिजवायला बोलवायचे, बघा.

तर त्या सकाळी भिवाजीरावांच्या हातात दुसरी ताटली होती आणि मला, काय अवदसा आठवली कोण जाणे, आरोग्य केंद्रातून मिळालेली आहारावरची पुस्तिका आठवली. आदल्या दिवशीच चौदावं पान वाचलं होतं. माणूस ताजं वाचलेलं पोटात ठेवू शकत नाही.

"तुम्हाला ठाऊक आहे का हेडमास्तर," मी म्हणालो, "साबुदाणा म्हणजे काय असतं? एक कंद घ्यायचा, किसायचा, धुवायचा, त्यातलं जे जे चांगलं ते पाण्याबरोबर सोडून द्यायचं आणि खाली बसलेल्या पिठाच्या गोळ्या वळायच्या. निव्वळ पिष्ट! प्रथिनं नाहीत, जीवनसत्त्वं नाहीत, काही नाही. त्यापेक्षा माणसानं एक रताळं घेऊन, कच्चं, हां, कच्चं चावून खाल्लं तर दसपट पोषण!"

भिवाजीरावांचा घास हवेतच राहिला. ते माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या मागे बघत होते. मी वळून पाहिलं. दारात ललिताबाई उभी. एका हातात कढई, दुसऱ्या हातात उसळ परतायचा सराटा.

"म्हंजे बारा वर्सं झाली लग्नाले," ती म्हणाली, "बारा वर्सं म्या तुमाले काईच नाई खाऊ घातलं?"

या ठिकाणी शहाण्या माणसानं "तसं नाही गं" एवढंच म्हणायचं असतं. मी म्हणालो, "शास्त्रीयदृष्ट्या पाहिलं तर..."

झालं. तिनं कढईतली उरलेली उसळ भिवाजीरावांच्या ताटलीत उलटी केली, कढई घासली, पुसली आणि स्वयंपाकघरातल्या खिळ्याला पालथी टांगली. मग ओसरीवर येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "ज्या दिवशी तुमी हे सिद्ध करून दाखवसान, नाई तं चार लोकायत 'चुकलो' म्हनसान, त्या दिवशी कढई खाली येईन. तवरोक या घरात उसळ नाई."

"वयनी!" भिवाजीराव कळवळून म्हणाले, "याच्यात माहा काय गुन्हा?"

"तुमी तेच्याच शाळेचे हाय ना?" ती म्हणाली आणि आत गेली. संध्याकाळी माझ्यापुढं ताट आलं. ताटात एक रताळं होतं. धुतलेलं, सोललेलं, कच्चं.

मी पुस्तिका काढून चौदावं पान दाखवलं. तिला वाचता येतं, चौथीपर्यंत शिकलेली आहे. तिनं बोट ठेवून सगळं पान वाचलं आणि म्हणाली, "हे छापलं त्यानं माही उसळ खाल्ली होती का?" "नसेल," मी म्हणालो. "शेषरावच्या दुकानातला साबुदाणा तपासला होता का?" "नसेल." "बाजारातल्या सोनीबाईचं रताळं?" "अगं, पण..." "मंग त्याले काय मालूम? इथलं सिद्ध करा." आणि पुस्तिका परत माझ्या हातात दिली. खरं सांगतो, आमच्या शाळेत इतका चोख प्रश्न विचारणारा विद्यार्थी मला आजवर भेटला नाही. तेव्हा मात्र मला तो हट्ट वाटला.

माणूस स्वतःच्या तत्त्वाला जागला पाहिजे, म्हणून मी आठ दिवस कच्ची रताळी खाल्ली. कच्चं रताळं ज्यांनी खाल्लं नसेल त्यांनी खाऊ नये, याहून जास्त मी काही सांगत नाही. पहिल्या दिवशी दात दुखतात, दुसऱ्या दिवशी जबडा. तिसऱ्या दिवसापासून पोट स्वतंत्रपणे बोलू लागतं.

नेमकं सातव्या दिवशी शाळेत तपासणी. विस्तार अधिकारी माझ्याच वर्गात मागच्या बाकावर येऊन बसले. धडा कोणता, तर पचनसंस्था. मी फळ्यावर जठर काढलं, लहान आतडं काढलं, आणि मोठ्या आतड्याकडं वळणार तेवढ्यात माझ्या पोटातून असा काही गडगडाट झाला की पहिल्या रांगेनं खिडकीतून आभाळाकडं पाहिलं. मी खोकलो. पुन्हा गडगडाट. मी मोठ्या आवाजात शिकवू लागलो, तर पोटानंही आवाज चढवला. शेवटी मी पोटावर हात ठेवून म्हणालो, "मुलांनो, आता जो आवाज ऐकला तो मोठ्या आतड्याचा." सारा वर्ग गंभीरपणे वहीत लिहून घेऊ लागला. अधिकाऱ्यांनी शेरा मारला : 'शिक्षक प्रात्यक्षिकासह शिकवतात.' एकवीस वर्षांच्या नोकरीत मला मिळालेला हा एकमेव चांगला शेरा, आणि तो रताळ्याचा आहे.

"तुमचं एकट्याचं पोट म्हंजे पुरावा नोहे," माणिकराव मला समजावत होते. रिटायर झाल्यापासून दुसऱ्याच्या घरात काय चाललंय याची चौकशी आणि त्यावर सल्ला हे दोनच धंदे त्यांना उरले होते. "दोन जीव पाह्यजे. एकाले साबुदाणा, एकाले रताळं. माह्या दोन बकऱ्या हायत ना! जुळ्या बहिनी हायत, वजन बी सारखंच. लावा कामाले."

मला ही सूचना पटली. सायन्समध्ये याला काहीतरी म्हणतात. आम्ही एका बकरीपुढं भिजवलेला साबुदाणा ठेवला, दुसरीपुढं रताळं. साबुदाण्याच्या बकरीनं साबुदाण्याचा वास घेतला, आमच्याकडं पाहिलं आणि जाऊन बहिणीचं रताळं खाल्लं. आम्ही त्यांना दूर दूर बांधलं. मग तिनं दावं खाल्लं. तिसऱ्या दिवशी निरीक्षणं लिहून ठेवायला म्हणून मी पुस्तिका घेऊन बसलो होतो, माणिकरावांनी चहाला हाक मारली, मी दोन मिनिटं उठलो. परत येऊन पाहतो तर दोघी बहिणी मिळून पुस्तिका खात होत्या. चौदावं पान आधी गेलं. म्हणजे आता सिद्ध करायचं म्हटलं तर माझ्याजवळ छापील पुरावादेखील राहिला नाही.

एव्हाना गोष्ट बाजारात पोचली होती. शेलूबाजारचा बाजार म्हणजे चार रस्त्यांचा माल आणि आठ रस्त्यांच्या बातम्या. तांड्यावरची सोनीबाई दर बाजाराला रताळी घेऊन बसायची. तिला कुणीतरी सांगितलं की मास्तरनं तुझ्या रताळ्याला दसपट म्हटलंय. पुढच्या बाजारी मी पिशवी घेऊन शिरतो तर लांबूनच आरोळी : "घ्या वं बाई, मास्तरची रताळी! सायन्सची रताळी! मास्तर सोता कच्ची खाते!" लोक मला पाहून वाट देऊ लागले. एक म्हातारी जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबू, घरी सरपन नाई का?"

तिकडं किराणा दुकानदार शेषराव संतापले. त्यांनी रामनवमीसाठी साबुदाण्याची दोन पोती भरून ठेवली होती. मला दुकानासमोरून जाताना पाहून ते गल्ल्यावरून उठून रस्त्यात आले. "मास्तर, तुमी माह्या पोटावर कायले पाय देऊन राह्यले? म्या तुमच्या शाळेबद्दल कधी काई बोललो का? म्या म्हनलं का कधी की तुमच्या शिकवन्यात काईच नाई?" मी म्हणालो, "शेषरावभाऊ, हे शास्त्र आहे." "मंग आना शास्त्राचा कागद!" ते ओरडले, "शिक्क्याचा कागद आना! रामनवमीच्या आत आना, नाई तं माही पोती तुमी घ्या अन् आयुष्यभर खा!"

कागद. शिक्का. मला एकदम उजेड पडला. बायकोलाही कागदच दाखवायचा होता. मी ठरवलं, दोन्ही वस्तू सरकारी प्रयोगशाळेत पाठवायच्या.

मंगरूळपीरला कुठल्याशा कचेरीत नमुने घेतात असं माणिकराव म्हणाले. कोणती कचेरी ते त्यांना नक्की आठवेना, तेव्हा ते स्वतःच माझ्याबरोबर जीपमध्ये बसले. जीपमध्ये आमच्यासकट सतरा माणसं होती. माझ्या मांडीवर रताळ्याची पिशवी, पिशवीवर माणिकराव. तीन कचेऱ्या फिरून चौथ्या कचेरीत एका लेखनिकासमोर उभे राहिलो. त्यानं मान वर न करता विचारलं, "काय आनलं?"

"दोन नमुने आहेत. तुलनात्मक पोषणमूल्य काढायचंय."

"खान्याच्या वस्तूचा अर्ज आमच्याकडे नाई. इथं दोनच अर्ज. पिवळा अन् हिरवा." त्यानं पिशवीत डोकावून पाहिलं. "हे जमिनीतून निघालं का?"

"हो."

"पिवळा. अन् हे दाने हायत का?"

"साबुदाणा आहे."

"दाने हायत ना? हिरवा."

"पण साहेब, हा..."

"वर सायब लोक बसले हायत शिकेल-सवरेल," तो म्हणाला. "तेयले समजत नाई का काई?" आता शिकलेल्या माणसानं शिकलेल्या माणसांवर अविश्वास कसा दाखवायचा? मी मुकाट्यानं अर्ज घेतले. रताळ्याची माती धुवायला गेलो तर तो खेकसला, "धुवू नोका! धुतला की नमुना बाद!"

अर्ज भरणं ही एक वेगळीच शिक्षा होती. पिवळ्या अर्जात 'कास्तकाराचे नाव' होतं, तिथं माझं नाव टाकलं : जगदेव मास्तर. बापजन्मी वावर पाहिलेलं नसताना मी कास्तकार झालो. 'मागील हंगामात कोणते पीक घेतले?' मी बराच विचार करून 'उसळ' लिहिलं. हिरव्या अर्जात मात्र बरीचशी उत्तरं बरोबर बसली. 'पेरणीपूर्वी भिजवता काय?' होय. 'किती तास?' रात्रभर. 'पाणी किती?' दाणे बुडतील इतकंच, वर राहू नये. हे शेवटचं मला ललिताबाईमुळं ठाऊक होतं. माणिकराव म्हणाले, "पाहा, बराबर हाय की अर्ज." लाखेचा शिक्का बसला, पोचपावती मिळाली, आणि आम्ही विजयी मुद्रेनं सतरा माणसांत येऊन बसलो.

मग वाट पाहणं सुरू झालं. घरात उसळीची कढई खिळ्याला आणि मी ताटावर. रताळी कच्ची खाणं मी आठव्या दिवशी थांबवलं होतं, पण पोळीभाजीच्या ताटात एका कडेला एक कच्चं रताळं रोज असायचं. मी ते उचलून खिशात घालत असे आणि शाळेत जाताना माणिकरावांच्या बकऱ्यांना देत असे. त्या दोघींची तब्येत बरीच सुधारली, हेही निरीक्षण मी करायला हवं होतं.

एकदा शाळेतून लवकर आलो. गल्लीतली केशरबाई आमच्या स्वयंपाकघरात बसली होती. तिच्या घरी मुलीला पाहायला पाहुणे येणार होते आणि त्यांच्यात सासूबाईचा उपास होता. "चाल ना वं, उसळ करून दे," ती गयावया करत होती. ललिताबाईचा आवाज आला, "नाई वं. आमच्या घरात सायन्स चालू हाय." मला हसू येत होतं. मग ती म्हणाली, "चौथीतच शाळा सुटली माही. हे इतके पुस्तकं वाचते, चार लोकायत बोलते. मले बाप्पा एकच गोस्ट येते. त्यात बी यायनं काईच नाई म्हनलं."

मी चपला हातात घेऊन, आवाज न करता, आल्या पावली परत फिरलो. शाळेच्या पटांगणात उगीचच तीन फेऱ्या मारल्या. फार वाईट वाटलं. पण तुम्हाला सांगतो, अभिमान ही अशी वस्तू आहे की वाईट वाटल्यानं ती जात नाही. मी मनाशी म्हटलं, एकदा कागद येऊ दे, मग मोठ्या मनानं तिची समजूत काढू. आधी जिंकायचं आणि मग समजूत काढायची, असा माझा बेत होता.

कागद रामनवमीच्या आदल्या दिवशी आला. माणिकराव पोस्टमनच्या हातातून तो घेऊन गावभर सांगत सांगतच माझ्याकडं आले. रामनवमीच्या सकाळी, देवळातली गर्दी व्हायच्या आत, शाळेच्या व्हरांड्यात लोक जमले. शेषराव आपल्या साबुदाण्याचं एक पोतं पुरावा म्हणून हातगाडीवर घालून आले. सोनीबाई टोपली घेऊन आली आणि आल्या आल्या दोन शेर विकून मोकळी झाली. बायका एका बाजूला, त्यांच्यात ललिताबाई. वाचायला भिवाजीराव, कारण त्यांना उपास नसल्यामुळं ते दोन्ही पक्षांना निःपक्षपाती वाटत होते. उसळीवाचून ते सव्वा महिन्यात वाळले होते, ही गोष्ट वेगळी.

भिवाजीरावांनी लाखेचा शिक्का सगळ्यांना दाखवला, लिफाफा फोडला, चष्मा पुसला आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"नमुना क्रमांक एक. नमुन्यात एक मोठे ढेकूळ आढळले. ते काढून टाकून उरलेल्या मातीची तपासणी करण्यात आली."

"ढेकूळ?" सोनीबाई म्हणाली. "कोन्तं ढेकूळ?"

भिवाजीराव पुढं वाचू लागले. "नत्र कमी. स्फुरद कमी. पालाश भरपूर. शिफारस : एकरी दहा गाड्या शेणखत द्यावे. उताराला आडवे बांध घालावेत."

मागून एक जण म्हणाला, "रताळ्यावर बांध कसा घालाव हो मास्तर?" आणि जो हशा झाला तो पार बसस्टँडपर्यंत ऐकू गेला म्हणतात. सोनीबाई कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर आली. "माह्या रताळ्याले ढेकूळ म्हनते? फेकून देल्लं? अन् शेनखत कायले? तुमीच तं दसपट म्हनत होते!"

शेषराव आनंदानं पोत्यावर थापा मारत होते. "आता माहं वाचा, हेडमास्तर! माहं वाचा!"

"नमुना क्रमांक दोन," भिवाजीरावांनी घसा साफ केला. "शंभर दाणे ओल्या कापडात सात दिवस ठेवले. उगवण शून्य टक्के. चौथ्या दिवशी दाणे एकमेकांस चिकटून त्यांचा लगदा झाला. बियाणे पेरणीस सर्वथा अयोग्य. अशा बियाण्याच्या विक्रेत्याचे नाव तात्काळ कळवावे."

शेषरावांची थाप पोत्यावरच राहिली. क्षणभरानं त्यांनी हातगाडीवरची ताडपत्री ओढून पोतं झाकलं. "माहं नाव कोनी सांगू नोका बरं," ते म्हणाले.

आता माझी अवस्था काय सांगू? एवढ्या लोकांपुढं तोंडघशी पडलो होतो. तरी जित्याची खोड, मी पुढं होऊन बोललोच. "मंडळी, शांत व्हा! शून्य टक्के उगवण, याचा अर्थ साबुदाण्यात जीव नाही. म्हणजे शास्त्रीयदृष्ट्या..."

"हेडमास्तर," बायकांच्या बाजूनं आवाज आला. ललिताबाई उभी राहिली होती. चार माणसांत ती कधी बोलत नसे. पदर सावरत ती म्हणाली, "त्या कागदात फल्लीदाने कुठं लिहेल हाय का?" शेंगदाण्याला आम्ही फल्लीदाणे म्हणतो.

भिवाजीरावांनी कागद उलटसुलट पाहिला. "नाई वयनी. फल्लीदाने नाई."

"जिरं? तूप? मिर्ची? आलू?"

"काईच नाई."

"मंग हे माह्या उसळीचं कसं सांगते?" ती माझ्याकडं वळली. "म्या बारा वर्सांत तुमाले कोरडा साबुदाणा कधी देल्ला? साबुदाण्यात काई नसन, मले काय मालूम. म्हनून तं त्यात मूठ मूठ फल्लीचा कूट टाकतो आमी. माही माय टाके, तिची माय टाके. साबुदाणा एकटा कोन खाते? अन् कच्चं रताळं तरी कोन खाते, तुमच्याशिवाय?"

हशा झाला नाही. सगळे माझ्याकडं बघत होते. आणि मला पुस्तिकेतलं दुसरंच एक पान आठवलं, पंधरावं. भुईमूग. प्रथिनं भरपूर. ते मी नुसतं चाळलं होतं, वाचून थांबलो होतो चौदाव्यावर. बकऱ्यांनी पंधरावंही खाल्लं होतं, त्यामुळं ते दाखवून माझी मान कापायला कुणाजवळ काही नव्हतं. मी गप्प बसलो असतो तर खपूनही गेलं असतं.

पण मला चपला हातात घेऊन परत फिरलेली ती दुपार आठवली. मी म्हणालो, "मंडळी, चुकलो."

"मोठ्यानं!" शेषराव हातगाडीमागून ओरडले.

"चुकलो! साबुदाण्यात फारसं काही नसतं, हे खरं आहे. पण ते भरून काढायचं कसं हे हिला माझ्याआधी ठाऊक होतं. बारा वर्षं मी ताटात बघितलं आणि मला नुसता साबुदाणा दिसला, कूट दिसला नाही. सायन्सचा मास्तर मी आहे, पण सायन्स तिकडं कढईत होतं."

ललिताबाई खाली मान घालून पदराशी चाळा करत होती. भिवाजीराव चष्मा काढून डोळे पुसत म्हणाले, "वयनी, मंग आता ते कढई...?"

कढई खाली आली. शेषरावांनी हातगाडीवरचं पोतं तसंच आमच्या अंगणात ढकललं, कारण तो माल त्यांना आता कुणाच्या नजरेला पडू द्यायचा नव्हता. सोनीबाईनं टोपली रिकामी केली. ललिताबाईनं दोन चांगली रताळी निवडली, किसली आणि साबुदाण्याबरोबर परतली. "तुमचं बी राह्यलं, माहं बी राह्यलं," असं म्हणून माझ्या ताटात वाढलं. अहाहा! भिवाजीरावांनी त्या दिवशी किती वेळा वाढून घेतलं ते मी मोजलं नाही.

आता गोष्ट इथं संपायला हवी होती, पण सरकारी फाईल अशी संपत नसते. आषाढात एक लिफाफा आला. 'श्री. जगदेव मास्तर, कास्तकार यांस. शिफारशीप्रमाणे खत दिले काय? पिकाचा उतारा कसा आला? पंधरा दिवसांत सोबतच्या नमुन्यात कळवावे. कसूर होऊ नये.' मी घाबरलो. नोकरीतल्या माणसाला 'कसूर' शब्दानंच घाम फुटतो. दिवस एकादशीचा, पुढ्यात ताटली भरलेली.

"काय म्हनते सरकार?" ललिताबाईनं विचारलं. मी वाचून दाखवलं. ती पाटावर बसली. "लिहा, मी सांगतो."

मी लिहू लागलो. ती सांगत होती, "शेनखत देल्लं नाई. फल्लीदान्याचा कूट देल्ला, शेराले अर्धा शेर. जिरं देल्लं, मिर्ची देल्ली. ढेकूळ फेकलं नाई, किसून टाकलं." 'पिकाचा उतारा' या रकान्याशी मी अडलो. "परातभर," ती म्हणाली. मी 'परातभर' लिहिलं.

खाली 'कास्तकाराची सही' होती. मी सवयीनं पेन टेकवणार, तर तिनं ते माझ्या हातातून काढून घेतलं, टोक एकदा नीट पाहून घेतलं आणि चौथीतल्या गोल गोल अक्षरात सावकाश लिहिलं : ललिताबाई. लिहून झाल्यावर जरा लांब धरून पाहिलं. मग त्याच्याखाली आणखी एक रकाना होता, 'साक्षीदार'. तिनं तिथं बोट ठेवलं.

"इथं तुमी करा," ती म्हणाली.

तोंडात घास होता म्हणून बोललो नाही. सही केली.